जायला गाडी आहे, यायला?

चार माणसांचं कुटुंब एसटीने सहलीला निघालं तर आज त्याला तिकिटं पडतात दोन. नवऱ्याचं पूर्ण. बायकोचं अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना पन्नास टक्के सवलत आहे. थोरल्याचं अर्धं, कारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ तिकीट. धाकटी पाचाच्या आत, तिला तिकीटच नाही. बरोबर पंचाहत्तरी ओलांडलेली आजी घेतली तरी बेरीज दोनच राहते; २०२२ च्या ऑगस्टपासून तिला एसटी मोफत आहे. २०२५ च्या जानेवारीत भाडं पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढलं, ते धरूनही साताऱ्याहून ठोसेघरच्या धबधब्याला जाऊन यायला या पाच माणसांना मिळून दोनशे रुपयांच्या जवळपास लागतात. संध्याकाळी पोरांना घेऊन राजवाड्यावर चक्कर मारली, भेळ आणि आइस्क्रीम झालं, की एवढे कधी गेले ते कळतही नाही.

इतकं स्वस्त असूनही साताऱ्यातली लहान मुलांची घरं रविवारी एसटीने फिरायला जात नाहीत. यावर ठरलेली उत्तरं आहेत. लोकांना आता एसटीची लाज वाटते. सगळ्यांना दारात गाडी पाहिजे. पोरं नाजूक झाली आहेत. यातलं थोडंफार खरं असेलही, पण बोट भलतीकडे जातं. लोक एसटीने जात नाहीत, कारण परत येण्याची खात्री नाही. मोठ्या माणसाला ही खात्री नसली तरी चालतं. कडेवर पोर असेल तर चालत नाही. माझं सगळं म्हणणं या एवढ्या फरकावर उभं आहे.

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी समर्थ मंदिराजवळ उभं राहून बघा. डावीकडे बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरचा रस्ता, वर यवतेश्वरच्या घाटातून कासच्या फुलांच्या पठाराचा. मोटारी भरपूर दिसतात आणि पेपरात फोटो त्यांचेच येतात. पण मोटारींच्या मधून जाणाऱ्या दुचाकींकडे बघा. टाकीवर एक पोर, मागे वडील, त्यांच्या पाठीला चिकटून दाबून बसवलेलं दुसरं पोर, शेवटी आई. आईच्या खांद्याला डब्याची पिशवी, हातात मिटलेली छत्री, आणि मधल्या पोराची झोप लागली तर ते घसरू नये म्हणून ओढणीने त्याला स्वतःशी बांधून घेतलेलं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांखालच्या मुलाला न्यायचं तर त्याला सुरक्षा पट्टा हवा, हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या वर नको, हा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला आणि २०२३ पासून लागू झाला. तो पट्टा मला घाटात अजून दिसायचा आहे. दिसते ती ओढणीच.

सार्वजनिक वाहतुकीवर आपल्याकडे बोलणं निघालं की ते ‘मोटार की बस’ असं निघतं, कारण बोलणाऱ्यांच्या दारात मोटार असते. एमआयडीसीत कामाला जाणारा, पोवई नाक्यावर दुकानात बसणारा, गोडोलीत भाड्याने दोन खोल्यांत राहणारा माणूस मोटार आणि बस यांच्यात निवड करत नसतो. त्याच्यापुढे बस आणि स्प्लेंडर असते. सहलीपुरती भाड्याची गाडी करायची तर हजार-दोन हजारांना कात्री लागते, ती तो वर्षातून एखाद्या वेळी, देवाला जाताना करतो. तेव्हा परतीची बस नसणं म्हणजे त्याच्या दोन पोरांना ओल्या घाटात टाकीवर बसवणं. वेळापत्रकातल्या मोकळ्या रकान्याची ही किंमत आहे आणि ती एसटीच्या ताळेबंदात कुठे दिसत नाही.

आता परतीची गाडी का नसते ते बघू. यात कुणाचा दुष्टपणा नाही, उलट एसटीच्या चांगुलपणातूनच हे आलेलं आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून या व्यवस्थेचा पाया खेडं हाच राहिला. ‘गाव तिथे एसटी’ ही नुसती पाटी नव्हती. डोंगरातल्या गावाला एसटी म्हणजे सकाळी सातारला नेणारी आणि संध्याकाळी घरी सोडणारी गाडी. शाळा, कॉलेज, बाजार, सिव्हिल हॉस्पिटल, कचेरी, सगळं खाली शहरात. म्हणून संध्याकाळी शेवटची गाडी वर जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि उजाडता ती गाडी दूध, भाजी, पोरं घेऊन खाली येते. मुक्कामी गाडी ती हीच. तिच्याशिवाय परळी खोऱ्यातल्या किंवा बामणोलीकडच्या कित्येक पोरींची दहावी झाली नसती. तिला कुणी हात लावू नये.

पण सहलीला निघालेल्या शहरातल्या कुटुंबाची दिशा नेमकी उलटी असते. त्याला सकाळी वर जायचं असतं आणि संध्याकाळी खाली यायचं असतं. सकाळच्या गाड्या भरून खाली येतात, वर जाताना त्यांत जागाच जागा असते, म्हणून जाणं जमून जातं. गोची होते ती परतताना. दुपारची एखादी गाडी चुकली की पुढची जी वर येते ती मुक्कामाला आलेली असते. ती आता सकाळीच हलणार. तुम्ही धबधबा बघून, पोरांना कणीस खायला घालून थांब्यावर येता तेव्हा एसटी दिवसाचं काम संपवून झोपायला आलेली असते. गावकऱ्याच्या घड्याळाला धरून चाललेली ही व्यवस्था एका अक्षरानेही चूक नाही. तिच्यात पाहुण्याचं घड्याळ धरलेलंच नाही, एवढंच.

अशा वेळी साताऱ्याचा माणूस काय करतो? वडाप, म्हणजे माणशी भाड्याची खासगी जीप, बघतो. वडापला मी नावं ठेवणार नाही. ज्या रस्त्यांवर एसटी कमी पडली तिथे या जिपांनीच लोकांची अडनड भागवली. पण तिचं गणित माणसं दाबून भरण्यावर चालतं. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की मागच्या फळीवर आडव्या बाकड्यांवर सहाच्या जागी दहा. त्यात मांडीवर पोर, त्या पोराच्या मांडीवर पिशवी. रविवारी संध्याकाळी पाऊस असला तर वडापसुद्धा येत नाही. मग कुणा अनोळखी गाडीवाल्याला हात करायचा. तरुण पोरांचा ग्रुप हसतखेळत करतो हे. दोन पोरांची आई ते एकदा करते आणि पुढच्या वेळी नवऱ्याला म्हणते, आपण आपली गाडीच काढू.

लहान मूल बरोबर असलं की दिवसाला एक कडा येतो, हे ज्याने पोर सांभाळलंय त्याला सांगायला नको. चार वाजेपर्यंत सगळं गोड असतं. साडेचारला एक पोर पेंगायला लागतं, दुसऱ्याला शू लागते, पिशवीतला खाऊ संपलेला असतो, मोजे भिजलेले असतात. त्यानंतरच्या प्रत्येक दहा मिनिटांना एक तासाचं वजन येतं. गाडी साडेचारला आहे हे नक्की माहीत असेल तर सगळा दिवस त्यावर बेतता येतो: जेवण कधी, झोप कधी, परत फिरायचं कधी. ‘येईल की पाच-साडेपाचपर्यंत’ हे उत्तर मोठ्या माणसाला पुरतं. पोराला घेऊन त्या उत्तरावर दिवस बेतता येत नाही.

आणि हे महाराष्ट्राने ओळखलेलं नाही असंही नाही. रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण पोरांना सांगतो. कोजागिरीची रात्र, गडाचे दरवाजे बंद, खाली घरी तान्हं बाळ, आणि ही कडा उतरून गेली. तिच्या नावाने एसटीने निमआराम गाड्या काढल्या, स्थानकांवर तान्ह्या बाळांच्या आयांसाठी कक्ष काढले. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण हिरकणीला गडावर बसायला बरी खोली नव्हती अशी काही तिची तक्रार नव्हती. घरी जायची वाट वेळेआधी बंद झाली, ही तिची अडचण. ती आपण अजून मनावर घेतलेली नाही.

खरं सांगायचं तर सवलतींनी एक मोठं काम केलंय, ते विसरून टीका करणं हलकटपणा होईल. अर्ध्या तिकिटाने बायका एकट्या निघायला लागल्या. माहेरी, देवाला, बहिणीकडे, दवाखान्यात. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं, म्हणजे हा सगळ्यांच्याच खिशातून दिलेला पैसा आहे आणि माझ्या मते सत्कारणी लागलेला आहे. फक्त एक लक्षात घ्यावं. ज्या मार्गावर तासाला गाडी आहे त्या मार्गावर सवलत म्हणजे सोय. ज्या मार्गावर संध्याकाळी गाडीच नाही तिथे पन्नास टक्के म्हणजे शून्याचे पन्नास टक्के.

तिकिटावरून कुणी थांबत नाही याची साक्ष गाडीतच मिळते. साताऱ्याकडच्या कुठल्याही लाल गाडीत हा संवाद चालूच असतो. वाहक मशीन सरसावून विचारतात, “पोरगं केवढंय, ताई?” ताई म्हणतात, “चार पूर्ण, पाचवं लागलंय.” खिडकीला नाक लावून बसलेलं पोरगं वळून ठासून सांगतं, “मी पैलीत हाय!” पुढचे-मागचे हसतात. वाहकही हसतात. “पैलीत चार वर्साचं? लई हुशार हाय की मग,” म्हणत मशीनमधून हाफ तिकीट बाहेर येतं आणि ताई पदराआड हसत सुटे पैसे काढतात. पंचवीस रुपयांसाठी केलेला हा जुना लटका खेळ आहे. हरलो म्हणून कुणी गाडीतून उतरत नाही. सज्जनगडाच्या पायथ्याला पाच वाजता दोन पोरं घेऊन ताटकळलेलं माणूस मात्र पुन्हा या गाडीत चढत नाही.

चढण्यावरून आठवलं. लाल गाडीची पहिली पायरी तीन वर्षांच्या पोराच्या कमरेला येते. म्हणजे त्याला उचलूनच आत टाकावं लागतं, आणि दारात झुंबड असेल तर उचलणाऱ्याचा एक हात पोरात, दुसरा दांड्यात, पिशवी दातात. जागा धरायची आपली रीत तर सगळ्या जगाला माहीत आहे. खिडकीतून रुमाल टाकायचा, रुमाल संपले की टोपी, टोपी संपली की पोर. खालून बाप वर ढकलतो, आतून कुणी अनोळखी मामा काखेत धरून ओढून घेतो, आणि पोर तीन जणांच्या सीटवर आडवं होऊन कुटुंबाची जागा राखतं. मजा वाटते सांगताना. पण चार वर्षांच्या मुलाला खिडकीतून आत सोडावं लागतं, ते रांग नावाची गोष्ट फलाटावर कुणी लावलीच नाही म्हणून. पोरंवाले आणि म्हातारी माणसं आधी, बाकीचे नंतर, एवढं एक वाहक दारात उभं राहून करू शकतो. काही करतातही, आणि त्यांचं कुणी ऐकत नाही असं मी पाहिलेलं नाही.

स्वच्छतागृहाबद्दल फार लिहीत नाही. ज्याला मुलगी आहे त्याला ठाऊक आहे. जिथे गाडी उलटी फिरते तिथे एक धडसा, कुलूप न लावलेला, पाणी असलेला संडास हवा. बस्स.

रेल्वेचा विचारही मनात येतो, कारण डब्यात संडास असतो, पोराला चालता-फिरता येतं आणि गाडी लागत नाही. पण साताऱ्याचं स्टेशन पडलं गावाबाहेर माहुलीला, आणि रूळ जातात कराड, सांगली, मिरजेकडे किंवा पुण्याकडे. पश्चिमेच्या डोंगरात, जिथे सगळ्यांना जायचंय, तिथे एसटीच. आणि घाटात गाडी लागली तर उपाय आजीचाच: रिकाम्या पोटी बसवायचं नाही, पुढच्या चाकाजवळची खिडकी धरायची, तोंडात आवळ्याची फोड आणि हाताशी एक जाड पिशवी.

आता आगारातल्या साहेबांचं म्हणणं. ते ऐकलं पाहिजे, कारण ते बिनबुडाचं नाही. पहिलं, गाड्याच नाहीत. कोरोनाआधी अठरा हजारांच्या घरात असलेला राज्याचा ताफा, कोरोना आणि २०२१-२२ चा लांबलेला संप झाल्यावर पंधरा हजारांच्या आसपास आला. सातारा विभागात अकरा आगारं आहेत, कुणालाही विचारा, गाड्या आणि चालक यांची ओढाताण तीच. दुसरं, रविवारी संध्याकाळी पुण्याला परतणाऱ्यांची रीघ लागते, सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडी उभी राहिली की भरते. जी गाडी हमरस्त्यावर भरून धावेल ती ठोसेघरच्या धबधब्यापाशी दहा माणसांसाठी का उभी करायची? तिसरं आणि मुख्य, भारमान, म्हणजे गाडी किती भरून धावते ते. सहलीच्या वेळेला एखाद्या हंगामात गाडी सोडली तर अर्धी रिकामी येते, किलोमीटरमागे पैसे सुटत नाहीत, वरून विचारणा होते, फेरी बंद.

पहिल्या दोन मुद्द्यांना माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे, ते कबूल. रविवारी शाळा-कॉलेजच्या फेऱ्या नसतात, म्हणून आठवड्यात त्या कामाला असलेल्या काही गाड्या मोकळ्या होतात. त्यातल्या बऱ्याच पुण्याच्या वाटेला लागतात आणि लागाव्यात. पुण्याची गर्दी सुरू होते दुपारनंतर. सकाळी नऊला वर गेलेली आणि साडेचारला डोंगरातून निघून सव्वापाच-साडेपाचला स्थानकात परत आलेली गाडी त्यानंतरही एक स्वारगेट मारू शकते, चालक-वाहक बदलून. दिवसभर तिने वर उभं राहावं असंही नाही. मधे खाली येऊन दुसरी फेरी करावी. मला साडेचारची गाडी हवी आहे, ती कुठली हे आगाराने ठरवावं.

भारमानाचं मात्र मला पटत नाही. गाडी रिकामी येते कारण लोकांना ती येणार हे माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी खरं वाटत नाही. लोक नाहीत म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून लोक नाहीत, हे चक्र प्रवाशाने तोडायचं म्हणजे त्याने दोन लहान पोरं घेऊन डोंगरात रात्र काढायची जोखीम घ्यायची. आगाराची जोखीम काय, तर दहा-बारा रिकाम्या सीट. कुणी आधी पाऊल टाकावं हे सांगायला फार शहाणपण लागू नये.

शिवाय हे एसटीला जमत नाही असं नाही. महाबळेश्वरच्या स्थानकातून ‘महाबळेश्वर दर्शन’ आणि ‘प्रतापगड दर्शन’ गाड्या वर्षानुवर्षं सुटतात. ठरलेल्या वेळी निघायचं, ठरलेल्या ठिकाणी थांबायचं, सगळी माणसं मोजून परत आणायची. त्याच जिल्ह्यातला, त्याच विभागातला अनुभव आहे. फरक इतकाच की तिथला प्रवासी बाहेरगावचा पाहुणा मानला जातो, आणि साताऱ्यातला साताऱ्यात राहतो म्हणून त्याने आपलं आपण बघावं.

आणि शाळांच्या सहली घ्या. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या रस्त्यांवर पोरांनी भरलेल्या लाल गाड्या दिसायला लागतात. खिडकीबाहेर हात, आत गाणी, पुढच्या सीटवर बाईंचा ओरडा. शाळांना एसटी सवलतीत मिळते, बहुतेक सहली तिनेच जातात, आणि पालक डोळे झाकून पोरं पाठवतात. चाळीस पोरं सुखरूप न्यायची-आणायची कला ज्या संस्थेकडे आहे, तिला दोन पोरांच्या आई-बापांसाठी रविवारची एक परतीची गाडी जड जावी हे मला समजत नाही. सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या पंधरा घरांनी मिळून प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घ्यावी, हाही एक मार्ग आहे, लग्नाच्या वऱ्हाडाला आपण घेतोच की. पण त्याला आधी पैसे गोळा करणारा एक उत्साही माणूस लागतो, आणि प्रत्येक गल्लीत तो नसतो.

आता कासचं बघा, कारण तिथे एक गमतीची गोष्ट घडते. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या त्यांत कास आहे. फुलांच्या हंगामात तिथे शुल्क आहे, नोंदणी आहे, माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे, आणि गाड्या पठारावर न आणता लांबच्या वाहनतळावर लावून लोकांना छोट्या बसने पुढे नेण्याची पद्धत आहे. म्हणजे जो माणूस “पोरांना घेऊन बसने कोण जातं?” म्हणत साताऱ्याहून स्वतःची मोटार काढतो, तो शेवटच्या टप्प्यावर त्याच पोरांना घेऊन मुकाट बसमध्ये बसतो. कुरकुरत नाही. कारण ती बस मिनिटामिनिटाला आहे आणि ती परत आणून सोडणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग ती बस पठाराच्या अलीकडून सुटण्याऐवजी हंगामातल्या शनिवार-रविवारी थेट साताऱ्यातून का सुटू नये? सुमारे पंचवीस किलोमीटरचा तर रस्ता. यवतेश्वरच्या घाटात तासन्‌तास अडकणाऱ्या गाड्या चौथ्या हिश्शाने जरी कमी झाल्या तरी मागे अडकलेली मुक्कामी एसटी वेळेवर गावात पोचेल. खेड्यातल्या माणसाचाही यात फायदा आहे, हे फुलं बघणाऱ्यांच्या लाडाचं प्रकरण म्हणून कुणी झटकू नये.

यात आमच्यासारख्या पेपरला पत्रं लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे. लिहिणारे, ओळख असणारे, आमदारांना फोन लावू शकणारे लोक एसटीतून उतरले त्याला बरीच वर्षं झाली. पहिलं पोर झालं की उतरले. तेव्हा गैरसोय होती हे खरं, पण ते गेल्यावर गैरसोय सांगणारंही कुणी राहिलं नाही. उरले ते कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं आणि बाजाराला निघालेल्या बायका; त्यांचं म्हणणं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. लहान मुलांची घरं एसटीत परतली तर तक्रारी वाढतील, आणि माझ्या मते महामंडळाला सध्या त्याचीच गरज आहे. ओरडणारा प्रवासी नसेल तर फेरी कागदावरून कधी पुसली गेली ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

तेव्हा मागणी लहान आहे. जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, शनिवार-रविवारी, साताऱ्याहून तीन दिशांना एकेक गाडी: सज्जनगडावरून ठोसेघर, यवतेश्वरावरून कास, आणि वाईवरून मेणवलीचा नदीकाठचा घाट. सकाळी नऊला जायची, दुपारी साडेचारला परत. स्थानकात आणि राजवाड्यावर दोन्ही वेळा मोठ्या अक्षरांत. गाडीच्या पाटीवर जायच्या गावाच्या खाली परतीची वेळ. तिकीट हवं तर दोन्हीकडचं एकदमच फाडा, म्हणजे किती माणसं परत आणायची ते वाहकाला ठाऊक राहील, आणि परत येताना जागेची मारामारी होणार नाही. गाडी बिघडली तर दुसरी पाठवायची जबाबदारी आगाराची, आणि तसं पाटीवर छापलेलं.

तोटा झाला तर कुणी भरायचा, हा पुढचा प्रश्न येणारच. जिल्हा नियोजन समितीतून पर्यटनाला निधी जातो. त्यातून रस्ते होतात, वाहनतळ होतात, कमानी होतात. वाहनतळ म्हणजे मोटारवाल्याला दिलेली सवलतच आहे, फक्त तिला कुणी सवलत म्हणत नाही. एका कमानीच्या खर्चात या तीन गाड्यांचा किती हंगामांचा तोटा भरून निघेल, हे एखाद्या सदस्याने बैठकीत एकदा विचारावं. कासला गोळा होणाऱ्या शुल्कातला काही भागही याला लावता येईल. पठारावर मोटारी कमी याव्यात हे तिथल्या गावांच्या समितीच्याही सोयीचंच आहे.

पहिले काही रविवार गाड्या रिकाम्या धावतील, हे आत्ताच सांगून ठेवते. लोक आधी शेजारच्याला विचारतील, “खरंच आली होती का हो साडेचारला?” दोन-तीन शेजारी “हो” म्हणाले की मग पिशव्या भरल्या जातील. तोवर फेरी बंद करू नका. भारमान काढायचंच असेल तर दिवाळी झाल्यावर काढा, आणि काढताना सकाळी वर जाणाऱ्या गाडीचं नको, साडेचारला खाली येणाऱ्या गाडीचं काढा.